बिओशियाचे अकरा वाटे

प्रश्न असा आहे: प्राचीन ग्रीसच्या नकाशावर बिओशिया हा प्रांत दिसतो, पण इतिहासात नाव सतत एकट्या थीब्जचे येते. मग तिथली बाकीची नगरराज्ये थीब्जची मांडलिक होती की बरोबरीची भागीदार? आणि ज्या बिओशियन संघाचे एवढे नाव घेतात, तो रोजच्या व्यवहारात चालायचा कसा आणि मोडला कशाने?

थोडक्यात सांगायचे तर ती भागीदार होती, आणि भागीदारीचा हिशेबही इतका चोख होता की ग्रीसमध्ये त्या काळी दुसरीकडे असा सापडत नाही. मात्र त्याच हिशेबात एक फट होती. एखादे गाव उठले तरी त्याचा वाटा बुडत नसे. तो जमीन आणि सैनिक ज्याच्या हाती, त्याच्या खात्यावर चढे. थीब्जने ही फट पुरेपूर वापरली. पुढचा जवळजवळ सगळा इतिहास त्या एका गोष्टीतून उलगडतो.

दोन खुलासे आधीच करतो. 'बिओशिया' हा इंग्रजीमार्गे आलेला उच्चार आहे, ग्रीक उच्चार 'बोइओतिया'च्या जवळ जातो. आणि हे थीब्ज म्हणजे इजिप्तमधले थीब्ज नव्हे. खालची साले, वेगळे सांगितले नसेल तिथे, इसवी सनापूर्वीची आहेत.

वाटे जमिनीवरून पडले होते, तेव्हा सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते. बिओशिया अथेन्सच्या ॲटिका प्रांताला लागून वायव्येला येतो. दक्षिणेला किथाइरॉन आणि पार्निस हे डोंगर, पश्चिमेला हेलिकॉन, ईशान्येला युबिया बेटाला तोडणारी चिंचोळी सामुद्रधुनी आणि नैर्ऋत्येला कोरिंथचे आखात. दोन्हीकडे समुद्र असूनही इथली माणसे दर्यावर्दी झाली नाहीत, कारण पोटाला लागेल ते घरीच पिकत होते. सखल काळी जमीन, गहू, बार्ली, चराई. घोडे पोसता येतील एवढे गवत दक्षिण ग्रीसमध्ये फारसे कुठे नव्हते, ते इथे होते. बिओशियन घोडदळ प्रत्येक लढाईत का दिसते, याचे उत्तर या गवतात आहे.

प्रांताच्या मधोमध कोपाइस नावाचे उथळ सरोवर होते. केफिसॉस नदी त्यात येऊन मिळे, पण बाहेर जायला उघडा मार्ग नव्हता. पाणी काठावरच्या चुनखडीच्या कपारींतून जमिनीखाली जाई. या कपारी गाळाने आणि पडलेल्या दगडांनी तुंबल्या की पाणी चढायचे आणि काठची शेते बुडायची. 14व्या-13व्या शतकात मायसीनियन, म्हणजे कांस्ययुगातल्या ग्रीक लोकांनी बांध घालून आणि कालवा काढून नदीचे पाणी उत्तरेच्या कडेने थेट कपारींकडे नेले होते. त्या कोरड्या केलेल्या जमिनीत ग्ला नावाचा किल्ला आहे. त्याची तटबंदी सुमारे 3 किमी लांब आणि 5 मीटरहून अधिक जाड आहे. 1200 च्या सुमारास ती व्यवस्था मोडली आणि सरोवर परतले. अलेक्झांडरच्या काळात खाल्किसच्या क्रेटीस नावाच्या खाण-स्थापत्यकाराने कपारी मोकळ्या करायला घेतल्या, बरीच जमीन उघडीही पडली. काम थांबले ते बिओशियन लोकांच्या आपसांतल्या भांडणामुळे. सरोवर पुरते आटवले गेले ते इसवी सनाच्या 19व्या-20व्या शतकांत. त्यामुळे आजच्या नकाशावर ते शोधू नका, तिथे सपाट शेते आहेत.

या सरोवराची वाम, म्हणजे सापासारखा लांबुळका मासा, अथेन्समध्ये चैनीची गोष्ट समजली जाई. 425 मधल्या एका अथेनियन प्रहसनात स्पार्टाशी चाललेल्या युद्धामुळे वाम मिळेनाशी झालेला अथेन्सकर ती पाहून गहिवरतो, तो विनोद प्रेक्षकांच्या जिभेवरचाच होता. काठच्या अक्राइफिया या गावात 3ऱ्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे, त्यावर माशांच्या जातींप्रमाणे बाजारभाव कोरलेले आहेत.

सरोवरामुळे प्रांताचे दोन भाग पडले. पलीकडे वायव्येला ऑर्कोमेनॉस, कैरोनिया, लेबाडिया. अलीकडे आग्नेयेला थीब्ज, टानाग्रा, थेस्पिया, प्लाटिया. काठावर हॅलिआर्टस, कोरोनिया, कोपाइ, अक्राइफिया. ऑर्कोमेनॉस हे थीब्जइतकेच जुने आणि एके काळी अधिक श्रीमंत, त्यामुळे या दोघांची भाऊबंदकी संघाच्या आधीपासूनची. प्लाटिया किथाइरॉनच्या पायथ्याशी, थीब्जपासून जेमतेम 13 किमीवर. तिने 519 मध्येच अथेन्सचा हात धरला होता.

आता मुख्य गोष्ट, वाटणी. 447 मध्ये कोरोनियाजवळ अथेनियन सैन्याचा पराभव करून बिओशिया मोकळा झाला आणि संघ नव्याने उभा राहिला. तो कसा चालायचा हे आपल्याला कळते ते इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस इथे 1906 साली सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यांवरून. लेखकाचे नाव हरवले आहे, पण माणूस माहीतगार होता. 395 च्या घटना सांगताना तो मध्येच थांबून संघाची घडण सांगतो. ग्रीक संघराज्याचे एवढे नेमके वर्णन दुसरे नाही.

सगळा प्रांत 11 भागांत वाटलेला होता. प्रत्येक भागाने वर्षासाठी एक बिओटार्क द्यायचा. बिओटार्क म्हणजे संघाचा सेनापती आणि कारभारी एकाच अंगरख्यात. त्याच भागाने संघसभेवर 60 सभासद पाठवायचे आणि त्यांचा रोजचा खर्च स्वतः सोसायचा. त्याच भागाने सुमारे 1,000 हॉप्लाइट, म्हणजे मोठी ढाल आणि भाला घेऊन रांगेत लढणारे पायदळ, आणि 100 घोडेस्वार द्यायचे. युद्धाची पट्टी त्याच प्रमाणात भरायची, संघाच्या तिजोरीतून येणारे त्याच प्रमाणात घ्यायचे, न्यायाधीशही त्याच प्रमाणात नेमायचे. बेरीज सरळ आहे: 11 बिओटार्क, 660 सभासद, 11,000 पायदळ, 1,100 घोडदळ. वतनाच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, माहीत असलेल्याला यात नवे काही वाटणार नाही. जेवढी तक्षीम तेवढा मान आणि तेवढाच भार.

कुणाला किती? थीब्जचे 4. ऑर्कोमेनॉस आणि त्याच्या जोडीच्या लहान गावाचे मिळून 2. थेस्पियाचे, युट्रेसिस आणि थिस्बे धरून 2. टानाग्राचा 1. हॅलिआर्टस, लेबाडिया आणि कोरोनिया या तिघांत मिळून 1, आणि बिओटार्क पाळीपाळीने, म्हणजे लेबाडियाची पाळी तीन वर्षांतून एकदा. तसाच अक्राइफिया, कोपाइ आणि कैरोनिया या तिघांत 1.

इथे वाचणाऱ्यांची हमखास चूक होते. थीब्जचे 4 पाहून लोक म्हणतात, थीब्ज दुप्पट मोठे होते. तसे नाही. पपायरस स्पष्ट सांगतो की त्यातले 2 थीब्ज शहराचे आणि उरलेले 2 प्लाटिया, स्कोलॉस, एरिथ्राइ, स्काफाइ या गावांच्या नावाचे, जी तेव्हा थीब्जच्या ताब्यात होती. म्हणजे थीब्जचा मूळ वाटा ऑर्कोमेनॉस किंवा थेस्पियाएवढाच. 2 आणि 2 आणि 2, अशी ती मूळ मांडणी होती. बाकीचे दोन वाटे पोटात घातलेल्या गावांचे.

निर्णय घ्यायची पद्धतही वेगळी होती. प्रत्येक गावात चार सभा असत. त्यात बसायला ठरावीक मालमत्ता लागे, म्हणजे भूमिहीन मजूर बाहेर. थीब्जमध्ये तर बाजारात विक्री करणाऱ्याने दहा वर्षे धंदा सोडल्याशिवाय अधिकारपद मिळू नये असा कायदा होता. चारांपैकी एक सभा आळीपाळीने बसे, विषयाचा खल करून मसुदा इतर तिघींपुढे ठेवी आणि चौघींना मान्य झाले तरच ठराव. संघाच्या पातळीवरही हीच चौपदरी रीत होती. 660 ला 4 ने भागले की एका सभेत 165 माणसे येतात. सभा भरे थीब्जच्या कॅडमिया या टेकडीवरच्या बालेकिल्ल्यात.

या पद्धतीत घाईत चूक होत नाही, हा फायदा. गुप्त काम मुळीच होत नाही, हा तोटा. 421-20 च्या हिवाळ्यात स्पार्टाच्या दोन एफरांनी, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, बिओटार्कांना खासगीत सुचवले की तुम्ही आर्गॉसला आपल्याकडे ओढा. बिओटार्कांनी पहिली पायरी म्हणून कोरिंथ, मेगारा वगैरेंशी शपथ घेण्याचा ठराव चार सभांपुढे ठेवला. आम्ही सांगतो म्हणजे मंजूर होणारच, अशा खात्रीने त्यांनी आतली गोष्ट सांगितलीच नाही. सभांना दिसले एवढेच की स्पार्टापासून फुटलेल्या कोरिंथशी शपथ घेतली तर स्पार्टा रागावेल. त्यांनी ठराव फेटाळला आणि सगळा बेत बारगळला. संघसभा नुसती होयबा नव्हती, याला यापेक्षा चांगला पुरावा शोधून मिळणार नाही.

नाण्यांवरही हीच भागीदारी दिसते. समोर दोन्ही कडांना खाचा असलेली बिओशियन ढाल, सगळ्यांची एकच. मागे गावाचे अक्षर: टानाग्राचे वेगळे, हॅलिआर्टसचे वेगळे. वजन एजिना बेटाच्या मापाचे, मोठे चांदीचे नाणे सुमारे 12 ग्रॅमचे. ढाल संघाची, अक्षर गावाचे.

आता प्लाटिया आणि त्या गावांचे दोन वाटे थीब्जकडे आले कसे. 431 च्या वसंतात, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातला तह अजून चालू असताना, महिनाअखेरीच्या काळोख्या रात्री 300 हून थोडे अधिक थीब्जकर दोन बिओटार्कांच्या हाताखाली प्लाटियात शिरले. आतल्याच एका गटाने वेस उघडून दिली होती. चौकात येऊन त्यांनी दवंडी पिटली, बिओशियन संघात यायचे असेल त्याने आपली शस्त्रे घेऊन आमच्या शेजारी उभे राहावे. संख्या कळत नसल्याने प्लाटियाकर आधी कबूल झाले. बोलणी चालू असताना लक्षात आले की ही माणसे थोडीच आहेत. मग घरांच्या मधल्या भिंती फोडून आतल्या आत लोक गोळा केले, रस्त्यात गाड्या आडव्या घातल्या आणि पहाटेच्या आधी हल्ला चढवला. वरून पाऊस, कौलारू छपरांवरून बायका आणि गुलाम धोंडे आणि कौले फेकत आहेत, पायाखाली चिखल, रस्ते अनोळखी. ज्या वेशीतून आत आले तिच्या अडसराला खिळीऐवजी एका प्लाटियाकराने भाल्याचा खालचा अणकुचीदार भाग ठोकून ती बंद केली होती. एका ओस वेशीपाशी एका बाईने कुऱ्हाड दिली, तिने अडसर तोडून थोडे निसटले. मागून येणारी थीब्जची मुख्य फौज पावसाने फुगलेल्या आसोपॉस नदीपाशी अडकली. 180 कैदी हाती लागले आणि प्लाटियाने ते ठार केले.

429 मध्ये स्पार्टा आणि बिओशियाने वेढा घातला. आत 400 प्लाटियाकर, 80 अथेनियन आणि भाकरी भाजायला 110 बायका. 428-27 च्या हिवाळ्यात निम्मे लोक शिड्या लावून वेढ्याच्या भिंतीवरून पसार झाले. शिडीची उंची ठरवायला त्यांनी भिंतीच्या गिलावा न झालेल्या भागातले विटांचे थर मोजले होते. एकाने नव्हे, अनेकांनी, पुन्हा पुन्हा, म्हणजे काहींची चूक झाली तरी बहुतेकांचा आकडा बरोबर येईल. मग एका विटेची जाडी गुणिले थर. सर्वांनी फक्त डाव्या पायात पादत्राण घातले होते, चिखलात पाय घसरू नये म्हणून. उरलेले 427 मध्ये शरण आले. पाच स्पार्टन न्यायाधीशांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: या युद्धात तू स्पार्टाचे आणि मित्रांचे काही भले केलेस का? किमान 200 प्लाटियाकर आणि 25 अथेनियन मारले गेले, बायका गुलाम झाल्या. पुढे गाव पाडून हेराच्या देवळाशेजारी 200 फुटांची धर्मशाळा बांधली, आणि जमीन दहा वर्षांच्या खंडाने दिली. ती कसली थीब्जकरांनी.

हे झाले एक. दुसरे त्याहून गुपचूप घडले. अथेन्स-स्पार्टा युद्ध सुरू होताच तट नसलेल्या एरिथ्राइ, स्काफाइ, स्कोलॉस, औलिस अशा गावांतले लोक भीतीने थीब्जमध्ये राहायला आले. शहर दुप्पट झाले, असे तोच पपायरस सांगतो. माणसे आली, त्यांच्याबरोबर त्यांचे हॉप्लाइट आले, आणि हॉप्लाइटांबरोबर वाटा आला. 413 नंतर स्पार्टाने ॲटिकातल्या डेकेलिया इथे ठाण मांडले, तेव्हा थीब्जकरांनी युद्धातले गुलाम आणि लूट मातीमोल भावात घेतली. ॲटिकातल्या घरांचे लाकूड आणि कौलेसुद्धा उचलून आणली. युद्धाने अथेन्स उजाड झाले आणि शेजारच्या थीब्जची घरे शाकारली गेली.

थेस्पियाची गोष्ट मला सर्वांत लागते. 480 मध्ये थर्मापिलीला 300 स्पार्टनांबरोबर शेवटपर्यंत उभे राहून मेलेले 700 थेस्पियन याच गावचे, पण नाव राहिले 300 चे. 424 मध्ये डेलियमला पुन्हा तेच. अथेनियन सैन्य टानाग्राच्या हद्दीत डेलियमच्या देवळाला तटबंदी करून परत निघाले होते. बहुतेक बिओटार्क म्हणाले, आता ते हद्दीबाहेर गेले, लढू नये. थीब्जचा पॅगोंडास म्हणाला, लढायचे. सगळ्यांनी एकदम शस्त्रे सोडून येऊ नये म्हणून त्याने एकेका तुकडीला वेगळे बोलावून समजावले. 7,000 हॉप्लाइट, 10,000 हून अधिक हलके सैनिक, 1,000 घोडदळ. म्हणजे कागदावरच्या 11,000 पैकी दोन तृतीयांशांच्या आसपास पायदळ आले, पण घोडदळ जवळजवळ पूर्ण.

रचना वाट्यांप्रमाणेच. उजवीकडे थीब्ज आणि त्याची गावे, मध्ये हॅलिआर्टस, कोरोनिया, कोपाइ असे सरोवरकाठचे लोक, डावीकडे थेस्पिया, टानाग्रा, ऑर्कोमेनॉस. अथेनियन 8 रांगा खोल, थीब्जकर 25. बाकीच्या गावांनी आपापल्या मर्जीप्रमाणे खोली ठेवली, कारण खोली किती ठेवायची हे संघ नव्हे, गाव ठरवी. डावी बाजू फुटली, शेजारी मागे सरले आणि थेस्पियन एकटे वेढले गेले. घेरणारे अथेनियन इतके गोंधळले की त्यांनी आपलीच माणसे मारली. पॅगोंडासने घोडदळाच्या दोन तुकड्या टेकडीमागून पाठवल्या. जिंकत असलेल्या अथेनियनांना वाटले नवे सैन्य आले, आणि त्यांची पळापळ झाली. बिओशियाचे सुमारे 500 पडले, अथेन्सचे सुमारे 1,000, सेनापती हिप्पोक्रेटीस धरून.

डेलियमचा तट लाकडांचा आणि वेलींचा होता, तो घेण्यासाठी केलेले यंत्र सांगायलाच हवे. एक लांब ओंडका उभा चिरला, दोन्ही अर्धे आतून पोखरून पुन्हा घट्ट जुळवले, अशी नळी तयार झाली. टोकाला साखळ्यांनी कढई टांगली, त्यात पेटते निखारे, गंधक आणि डांबर. ओंडक्यातून एक लोखंडी तोंडी कढईत वळवली आणि ओंडक्याचा बराच भाग लोखंडाने मढवला, नाहीतर तोच पेटला असता. हे गाड्यांवरून तटाला भिडवून दुसऱ्या टोकाला मोठे भाते लावले. वारा कोंडून गेला, ज्वाळा तटावर. लढाईनंतर सतराव्या दिवशी डेलियम पडले.

आणि पुढच्याच वर्षी, 423 मध्ये, थीब्जने थेस्पियाचा तट पाडला. आरोप काय, तर तुम्ही अथेन्सधार्जिणे आहात. ज्यांची तरुण पिढी अथेन्सशी लढताना नुकतीच कापली गेली, त्यांच्यावर हा आरोप. खरे कारण त्या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो: थीब्जला हे फार दिवसांपासून करायचे होते, आता थेस्पियात अडवायला माणसे उरली नव्हती म्हणून सोपे गेले.

386 मध्ये इराणच्या बादशहाच्या नावाने झालेल्या तहात 'प्रत्येक शहर स्वतंत्र' हे कलम आले आणि स्पार्टाच्या अगेसिलाउसने ते थीब्जवर नेमके लावले. संघ मोडला, प्लाटिया पुन्हा वसली. 382 मध्ये, बायकांचा थेस्मोफोरिया सण कॅडमियावर चालू असताना, फोइबिडास या स्पार्टन सरदाराने फितुरीने तो बालेकिल्ला घेतला. 379 च्या हिवाळ्यात परागंदा झालेल्या मूठभर थीब्जकरांनी, काही बायकांच्या वेषात, मेजवानीत बसलेल्या अधिकाऱ्यांना मारून शहर सोडवले.

त्यानंतर उभा राहिलेला संघ नाव तेच घेऊन आला, पण हिशेब बदललेला. बिओटार्क आता 7. 11 मधून ऑर्कोमेनॉसचे 2 आणि थेस्पियाचे 2 वजा केले की 7 उरतात, हा योगायोग नसावा. चार सभांची चाळणी गेली, निर्णय थीब्जमध्ये भरणाऱ्या सर्व नागरिकांच्या सभेकडे आला. ऐकायला हे अधिक लोकशाहीचे वाटते. पण कैरोनियाहून सरोवराला वळसा घालून थीब्ज 50 किमीच्या आसपास. सभेला येणार कोण, तर जो तिथेच राहतो तो. जुन्या पद्धतीत लेबाडियाचा माणूस घरी असला तरी त्याच्या वाट्याची माणसे सभेत बसलेली असत. नव्या पद्धतीत गैरहजर तो बाद. नाण्यांनीही हे टिपले: ढाल तशीच, मागे मात्र गावाच्या अक्षराऐवजी अधिकाऱ्याचे नाव. थीब्जचा सेनापती एपामिनाँडस याच्या नावाची 'एपामि' अशी अक्षरे असलेली नाणी आज संग्रहालयांत आहेत.

373 मध्ये प्लाटिया पुन्हा गेली, आणि ती कशी गेली हे मासलेवाईक आहे. प्लाटियाकर थीब्जवर नजर ठेवून असत. थीब्जमध्ये सभा असेल त्याच दिवशी निर्धास्त शेतावर जात, कारण थीब्जच्या सभा लांबतात हे सर्वांना ठाऊक. बिओटार्क निओक्लीसने सभेला येतानाच सर्वांना शस्त्रे आणायला सांगितली. सपाटीची सरळ वाट सोडून हिसियाइवरून एल्युथेराइच्या बाजूने, जिथे टेहळणी नव्हती तिथून तो दुपारी पोचला. शेतातले लोक बाहेरच राहिले. पुरुषांना एक वस्त्र, बायकांना दोन, एवढ्यावर सोडून दिले.

ल्यूक्ट्राची लढाई मात्र जुन्या भांडवलावर जिंकली. 371 च्या तहात एपामिनाँडसने सर्व बिओशियाच्या वतीने शपथ घ्यायचा हट्ट धरला, अगेसिलाउसने थीब्जचे नावच खोडले. वीस दिवसांत स्पार्टाचा राजा क्लिओम्ब्रोटॉस थेस्पियाच्या हद्दीत ल्यूक्ट्राला उभा होता. बिओटार्कांत लढण्याच्या बाजूने 3, विरुद्ध 3. किथाइरॉनची खिंड राखणारा सातवा येऊन एपामिनाँडसच्या बाजूने गेला. संख्या विषम ठेवण्याचा उपयोग तो हाच.

स्पार्टन 12 रांगा खोल, थीब्जकर किमान 50, आणि तेही डावीकडे, म्हणजे राजा जिथे उभा होता त्याच्या समोर. उजवी बाजू मागे रोखून धरलेली. आधी घोडदळ भिडले. स्पार्टात घोडे पाळत श्रीमंत लोक आणि स्वार ऐन वेळी नेमला जाई. बिओशियात घोडा आणि स्वार वर्षानुवर्षे एकत्र. स्पार्टन घोडदळ मागे हटून आपल्याच पायदळात घुसले आणि तेवढ्यात 50 रांगांचा लोंढा आला, थीब्जचा दुसरा सेनापती पेलोपिडास याच्या पवित्र पथकाचे, म्हणजे निवडक पायदळाचे, 300 जण पुढे. हजर 700 पूर्ण नागरिक स्पार्टनांपैकी सुमारे 400 पडले, राजासह. त्या काळचा इतिहासकार झेनोफोन या लढाईच्या वर्णनात एपामिनाँडसचे नावही घेत नाही, म्हणून फक्त त्याचेच वाचून थांबू नये.

लढाईआधी थेस्पियनांना परत जाऊ दिले होते. काही वर्षांत थेस्पिया उरली नाही. 364 मध्ये ऑर्कोमेनॉसच्या 300 घोडेस्वारांनी थीब्जच्या परागंदा लोकांशी कट केल्याचे उघड झाले. थीब्जच्या सभेने ठराव केला, पुरुष मारले, बायकामुले विकली, गाव पाडले. एपामिनाँडस आणि पेलोपिडास दोघेही तेव्हा बाहेर होते. 2 आणि 2 आणि 2 यांतला एकच दोन शिल्लक राहिला.

338 मध्ये कैरोनियाला मॅसिडोनच्या फिलिपने अथेन्स आणि थीब्जला हरवले. तिथल्या दगडी सिंहाच्या आवारात 254 सांगाडे सात रांगांत सापडले आहेत, बहुतेक अभ्यासक ते पवित्र पथकाचे मानतात. 335 मध्ये थीब्जने बंड केले आणि अलेक्झांडरने शहर घेतले. पुढे काय करायचे हा निवाडा त्याने मित्रराज्यांवर सोपवला. ती मित्रराज्ये म्हणजे शेजारचा फोकिस प्रांत आणि प्लाटिया, ऑर्कोमेनॉस, थेस्पियाचे लोक. शहरात शिरून कत्तल करण्यातही ते पुढे होते. ठराव असा: थीब्ज पाडावे, देवस्थानांची सोडून बाकी जमीन वाटून घ्यावी, वाचलेल्यांना विकावे, आणि ऑर्कोमेनॉस व प्लाटिया पुन्हा बांधून त्यांना तट घालावा. 30,000 विकले गेले असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो, आणि तो स्वतः कैरोनियाचा.

316 मध्ये मॅसिडोनच्या कॅसँडरने थीब्ज पुन्हा वसवले. संघही चालू राहिला, पण सभा आता ऑन्खेस्टॉसच्या पोसायडनच्या देवळात, म्हणजे कोणत्याच मोठ्या गावाच्या बालेकिल्ल्यात नाही. इतर ग्रीकांच्या लेखी हा काळ सुस्तीचा. इतिहासकार पॉलिबियस सांगतो की 25 वर्षे न्यायालये बंद होती, आणि लोकांनी भोजनमंडळांना इतका पैसा ठेवला होता की कित्येकांना महिन्यातल्या दिवसांहून जास्त मेजवान्या येत. शेवट रोमच्या युद्धात झाला. 171 मध्ये रोमन सैन्याने हॅलिआर्टस पाडले, बालेकिल्ल्यात आसरा घेतलेल्या 2,500 जणांना विकले. जमीन मोकळी झाली. काही वर्षांनी ती रोमकडे मागून घेतली अथेन्सने, आणि रोमने देऊन टाकली.